त्रेचाळिसाव्या पानावरचा खुनी

"खुनी मेहुणा आहे," असं म्हणत रंभाकाकूंनी पुस्तक माझ्या टेबलावर आपटलं आणि समोरच्या स्टुलावर ठाण मांडलं. "अजून खून व्हायचाय पुस्तकात. मयत माणूस चहा पितोय, आणि मला कळलंय की त्याला मेहुणा मारणार आहे. द्वारके, हे वाचनालय आहे की कसला सूड उगवायची जागा?"

मी पुस्तक उघडलं. पहिल्याच पानावर, आतल्या कडेला, बारीक पेन्सिलीनं लिहिलं होतं : 'खुनी : मेहुणा. पृ. ५१.'

"एक्कावन्नाव्या पानावर काय आहे?" मी विचारलं.

"काही नाही! मेहुणा पोहे खातोय."

हे अकरावं पुस्तक होतं. चार महिन्यांत अकरा रहस्यकादंबऱ्यांचा कुणीतरी असा मुडदा पाडला होता.

गोष्ट पन्नास वर्षांपूर्वीची आहे. खानदेशातल्या एका तालुक्याच्या गावी मी वाचनालयात सहायक ग्रंथपाल होते. सहायक म्हणायचं, पण मुख्य ग्रंथपाल कुणी नव्हताच, म्हणजे मी स्वतःचीच सहायक होते. वाचनालयात इतिहास, चरित्रं, अध्यात्म यांची सहा कपाटं होती आणि त्यांना वाळवी वाचत असे. सातवं कपाट रहस्यकादंबऱ्यांचं. ते दुपारी तीनला उघडलं की साडेतीनला निम्मं रिकामं.

त्यातही मागणी एकाच मालिकेला. देवयानी नावाची एक बाई शिवणक्लास चालवते. तिच्या गावात दर दोन महिन्यांनी कुणाचा तरी खून पडतो, आणि ती कापड बेतता बेतता खुनी शोधून काढते. इन्स्पेक्टर जयकर दर पुस्तकात तुटलेलं बटण लावून घ्यायला तिच्याकडे येतो, शेवटच्या पानावर काहीतरी बोलायला तोंड उघडतो, तेवढ्यात बाहेरून आरडाओरडा येतो की अजून एक प्रेत सापडलं. संपलं पुस्तक. आता पुढच्या पुस्तकासाठी जीव टांगणीला. खून पडला तरी त्या पुस्तकांत भीती म्हणून वाटायची नाही. स्वयंपाकघरात दूध उतू जायच्या आत देवयानी परत येणार, याची खात्री असायची. आणि मुख्य म्हणजे ती पोलीस नव्हती, वकील नव्हती, कुणीच नव्हती. तुमच्याआमच्यासारखी बाई. गावातल्या प्रत्येकीला वाटायचं, माझ्या गल्लीत पडू दे की एकदा खून, मग बघा.

अशा वाचकाला पहिल्याच पानावर खुन्याचं नाव सांगणं म्हणजे जेवायला बसवून ताट उचलून नेणं. महिन्याभरात तेवीस बायकांनी नावं काढून घेतली.

शेवटी वाचनालयाच्या अध्यक्षांनी मला घरी बोलावलं. अध्यक्ष म्हणजे नेवे गुरुजी. गावच्या शाळेत पस्तीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेले. मला शिकवलेलं, माझ्या भावाला शिकवलेलं, मामलेदाराला छडी मारलेली. गुरुजी गणित शिकवायचे, पण अक्षर वळणदार नसेल तर बरोबर उत्तरालाही भोपळा द्यायचे. त्यामुळे आमच्या अख्ख्या गावाचं अक्षर एक होतं. पहिल्या पानावरची ती पेन्सिल माझ्या हातची वाटत होती, रंभाकाकूंच्या नवऱ्याच्या हातची वाटत होती, आणि फौजदाराच्या हातचीही वाटत होती. अक्षरावरून चोर पकडायची सोयच गुरुजींनी ठेवली नव्हती.

"उत्तर सरळ आहे, द्वारका," गुरुजी म्हणाले. "पार्सल तू सोडतेस. मग पुस्तकं माझ्याकडे येतात, संस्कारक्षम आहेत की नाही ते तपासायला. मग बांधणीला छापखान्यात, आणि परत तुझ्याकडे. तीन हात. यातला मी तर पहिल्या पानापलीकडे असला कचरा वाचत नाही. तीनातून एक वजा कर."

"गुरुजी, मी नाही लिहिलेलं."

"मी कुठे म्हणतो तू लिहिलंस? पण जबाबदारी तुझी. पुढच्या रविवारी वार्षिक सभा आहे. सातवं कपाट बंद करायचा ठराव मी मांडणार. आणि ते बंद झालं की उरलेल्या सहा कपाटांना सहायक कशाला हवा?"

घरी आले तर भावाचं सुरतेहून पत्र आलेलं. नोकरीचं खरं नाही असं कळलंच होतं त्याला. 'इकडे ये, वहिनीला मदत होईल, तीन पोरं ऐकत नाहीत.' मी सत्तावीस वर्षांची होते. तीन भाचरांची शेंबडं पुसत म्हातारी झालेली मी माझ्या डोळ्यांसमोर लख्ख उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी रंभाकाकूंच्या किराणा दुकानाच्या मागच्या खोलीत आमची बैठक बसली. मी, काकू आणि सरकारी दवाखान्यातल्या सुलोचना सिस्टर. काकूंना गावातल्या प्रत्येक घरात काय शिजतं ते माहीत, सिस्टरना काय दुखतं ते माहीत. देवयानीकडे तरी एवढी माहिती कुठे होती?

"छापखानेवाला," सिस्टर म्हणाल्या. "दिगंबर. बघ ना, कुणाशी बोलत नाही. पुस्तकात जो बोलत नाही तोच असतो."

"आणि दिसायला बरा आहे," काकू म्हणाल्या. "बरा दिसणारा असला की माझा संशय दुप्पट."

मी तडक छापखान्यात गेले. दिगंबर जिनगर शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवत उभा होता. शाईनं काळी झालेली बोटं, कपाळावर शाईचाच एक पट्टा.

"तुम्ही आमच्या पुस्तकांचा सत्यानाश करताय," मी म्हटलं. "कबूल करा."

त्यानं हातातले खिळे शांतपणे खाली ठेवले. "बांधणी उसवली का कुठली?"

"बांधणी नाही. पहिल्या पानावर खुन्याचं नाव कोण लिहितं?"

"ग्रंथपाल बाई, मी दिवसभर अक्षरं उलटी वाचतो. संध्याकाळी सुलटी वाचायची हौस राहत नाही." मग हात पुढे केला. "बघू."

त्यानं पुस्तक उजेडात धरलं, पान नखानं किंचित उचललं आणि माझ्याकडे वळवलं. पहिलं पान निखळू नये म्हणून बांधणीच्या वेळी आतल्या कडेला तो कापडाची एक पट्टी चिकटवायचा. पेन्सिलीचं पहिलं अक्षर अर्धं बाहेर होतं. अर्धं त्या पट्टीच्या खाली.

"माझी पट्टी वर आहे, पेन्सिल खाली आहे," तो म्हणाला. "म्हणजे पुस्तक माझ्याकडे आलं तेव्हा हे लिहिलेलंच होतं. आता सांगा, माझ्या आधी पुस्तक कुणाकडे असतं?"

मी कागदांच्या रिमांवर बसले. माझ्यानंतर आणि त्याच्या आधी एकच माणूस होता.

"गुरुजी?"

"तुमच्यावर मी आळ घेऊ शकत नाही," तो म्हणाला. "तुम्हाला लिहायचं असतं तर तुम्ही माझ्याशी भांडायला इतक्या तावातावानं आला नसता."

मला राग यायला हवा होता. आला नाही.

बाकी दोघींना सांगितलं तर सिस्टरनी कपाळाला हात लावला. "कोण विश्वास ठेवणार? पट्टीवाला आणि तू मिळून म्हाताऱ्याला अडकवताय म्हणतील. वर तुमची जोडी लावतील."

"लावू देत," काकू म्हणाल्या. "पण गुरुजींच्या तोंडूनच वदवायला पाहिजे. आणि ते खरं बोलतात कधी, सांगू? दुसऱ्याचं उत्तर चुकलं की. वर्गात चुकीचं उत्तर ऐकलं की खडू फेकून मारायचे. माझ्या नवऱ्याच्या भुवईवर खूण आहे अजून."

त्याच दिवशी एसटीनं नवं पार्सल आलं. 'गुलाबी बटणाचं गूढ'. लग्नघरात नवरीचा श्रीमंत काका मसाला दुधातून विष घालून मारला जातो. पुस्तक गुरुजींकडे पाठवायच्या आधी आम्ही तिघींनी ते वाचून काढलं, आणि मग आम्ही जे केलं ते महाराष्ट्रात त्याआधी कुणी केलं नसेल. दिगंबर आजही म्हणतो, मी या ठिकाणी वाढवून सांगते. त्याला विचारायला जाऊ नका.

पुस्तकाचा शेवटचा फर्मा, म्हणजे शेवटची सोळा पानं, दिगंबरनं शिवण उसवून काढून घेतली. आणि त्या जागी बसवायला आम्ही नवी सोळा पानं लिहिली. खुनी बदलून.

"डॉक्टर करा खुनी," सिस्टर म्हणाल्या. "पंधरा वर्षं डॉक्टरांच्या हाताखाली काढलीत मी. त्यांना एकदा बेड्या पडलेल्या बघायच्यात."

"पण डॉक्टरविरुद्ध पुस्तकात काहीच पुरावा नाही," मी म्हटलं.

"म्हणूनच तर! गुरुजींचं डोकं फिरलं पाहिजे."

काकूंची एकच अट होती. "या पुस्तकात जयकर तिला विचारणार. बारा पुस्तकं झाली, त्याची बटणं संपायला आली. आपल्या हातात लेखणी आहे तर उरकून टाकू."

तो परिच्छेद लिहायचं माझ्याकडे आलं, आणि माझा हात तिथेच अडला. दुपारी छापखान्यात कागद घेऊन गेले. दिगंबरनं वाचलं, थांबला.

"इथे खाडाखोड आहे. इन्स्पेक्टर नक्की काय म्हणतो?"

"सुचत नाही. तुम्हाला काय वाटतं?"

तो पेटीतून एकेक खिळा उचलून ओळ जुळवत राहिला. मी वाकून वाचायला गेले तर सगळं उलटं. शाई लावून कागदाचा ठसा काढेपर्यंत मला ताटकळत उभं राहावं लागलं. मग त्यानं ओला कागद माझ्यासमोर धरला. त्यावर छापलं होतं : 'देवयानी, बटण तुटत नव्हतं. दर वेळी मीच तोडून येत होतो.'

"चांगलं वाक्य आहे," मी म्हटलं.

"माझं आहे," तो म्हणाला. "इन्स्पेक्टरला तात्पुरतं वापरायला दिलंय."

शुक्रवारी पुस्तक गुरुजींकडे गेलं. शनिवारी परत आलं. आम्ही चौघांनी पहिलं पान उघडलं.

पान कोरं होतं.

"गेलं," सिस्टर म्हणाल्या. "त्यांना वास लागला."

काकूंनी पुस्तक उलटसुलट करून पाहिलं, झटकलं, उजेडात धरलं. कुठे पेन्सिलीचा ओरखडाही नव्हता. दुसऱ्या दिवशी चार वाजता सभा होती. मी घरी जाऊन ट्रंक काढली आणि तीत दोन साड्या घडी करून ठेवल्या. तिसरी ठेववेना.

सभेला शाळेच्या मोठ्या वर्गात बसायला जागा नव्हती. एरवी वार्षिक सभेला अकरा पुरुष आणि एक भजी तळणारा एवढीच उपस्थिती असे. त्या दिवशी काकूंनी गावातल्या ऐंशी बायका गोळा करून आणल्या होत्या. काही जणी वेळ वाया नको म्हणून निवडायला मेथी घेऊन आल्या होत्या. दिगंबर दाराशी उभा होता, हातात कागदाची एक सुरळी.

गुरुजी बोलायला उभे राहिले. चेहरा ओढलेला, डोळे तांबारलेले. त्यांनी ठराव वाचला. "या पुस्तकांत ना विचार, ना तर्क. असली पुस्तकं वाचून बुद्धीला गंज चढतो. सातवं कपाट कायमचं बंद करावं."

मी उठले. "गुरुजी, कपाट बंद व्हायचंच असेल तर होऊ दे. पण सभासदांना नव्या पुस्तकाचा शेवट तरी ऐकू द्या. ही शेवटचीच वेळ."

"वाचू द्या! वाचू द्या!" ऐंशी आवाज उठले. मेथीच्या काड्या हवेत हलल्या.

गुरुजींनी हात झटकला. "पाच मिनिटं."

मी वाचायला सुरुवात केली. इन्स्पेक्टर जयकर बटणाचं कबूल करतो तिथे आले, तर मागच्या रांगेतल्या बायका सरकून पुढे आल्या. मी दाराकडे पाहायचं टाळलं. देवयानी 'हो' म्हणाली आणि बायकांनी असा टाळ्यांचा कडकडाट केला की भजीवाला झारा घेऊन आत आला. मग मी पुढचं वाचलं : "'होय, दुधात विष मीच मिसळलं,' डॉक्टरांनी मान खाली घातली."

गुरुजींची खुर्ची करकरली.

मी पुस्तक मिटलं. "काय बेमालूम शेवट केलाय लेखकानं! डॉक्टर! अगदी चोख, तर्काला धरून. वाचकाला पत्ता म्हणून लागत नाही."

"काय बाई हुशार लेखक!" काकूंनी मागून री ओढली. "याच्यापुढे गणित काय चीज?"

"चूक!" गुरुजींची मूठ टेबलावर आदळली आणि पाण्याचा पेला उडाला. "साफ चूक! डॉक्टर कसा असेल? डॉक्टर त्या वेळी बाळंतिणीच्या घरी होता, एकोणिसाव्या पानावर लिहिलंय! खुनी सनईवाला आहे! तो सांगतो, काका दूध प्यायला तेव्हा मी सनई वाजवत होतो. आणि त्रेचाळिसाव्या पानावर, त्याच वेळी, त्याच्या तोंडात विडा आहे! तोंडात विडा धरून सनई वाजते? दोन दिवस मी झोपलो नाही! मी त्रेचाळिसाव्या पानावरच ओळखलं होतं, आणि हा गाढव लेखक—"

तिथे गुरुजी थांबले. हात हवेतच राहिला.

वर्गात कुणी मेथी निवडत नव्हतं.

"गुरुजी," रंभाकाकू उठल्या, आणि इतक्या मऊ आवाजात त्यांना मी कधी बोलताना ऐकलं नव्हतं. "तुम्ही तर पहिल्या पानापलीकडे वाचत नाही ना?"

गुरुजी हळूहळू खाली बसले. टेबलावर सांडलेलं पाणी हातानं पुसलं. मग बोलले ते आमच्याशी की स्वतःशी, कळेना.

"ही होती तेव्हा मी रात्री वाचून दाखवायचो. पैज असायची आमची. ज्यानं आधी ओळखलं त्यानं पहिल्या पानावर नाव आणि पान लिहून ठेवायचं, म्हणजे मागाहून भांडण नको. शेवट वाचून झाला की खोडायचं." त्यांनी चष्मा काढला. "सहा वर्षांपूर्वी ती गेली, तेव्हा असली पुस्तकं सोडली; चार महिन्यांपूर्वी तपासायला म्हणून पुन्हा हातात आली. उत्तर शेवटाशी जुळलं की हात आपोआप लिहितो; या वेळी जुळलंच नाही, म्हणून पान कोरं. खोडायला मात्र होत नाही. दाखवायला कुणी नसलं तर उत्तर येऊन तरी काय उपयोग? पहिल्यांदा बोंब झाली तेव्हाच सांगायला हवं होतं. एक झालं, दोन झाली, अकरा झाल्यावर कोणत्या तोंडानं सांगायचं? आणि वर मी या पोरीवर ढकललं." ते माझ्याकडे वळले. "द्वारका, चूक माझी. पूर्ण गुण वजा."

मग उभे राहून त्यांनी ठरावाचा कागद फाडला. "नवा ठराव. सातव्या कपाटाशेजारी आठवं कपाट घ्यावं. द्वारका कोळंबे यांना ग्रंथपाल म्हणून कायम करावं. बाजूनं कोण?"

ऐंशी हात वर गेले, अकरा पुरुषांचे गेले, भजीवाला सभासद नव्हता तरी त्याचा झारा वर गेला. माझाही हात वर होता, हे मला मागाहून कळलं. दाराशी दिगंबरनं दोन्ही हात वर केले होते, आणि माझ्याकडे बघून हसत होता. सुरतेला मी पुढच्या वैशाखात गेले खरी, पण लग्नाचं आमंत्रण द्यायला.

"पण तो लेखक," गुरुजी कुरकुरले. "एवढा चांगला लिहिणारा, असा शेवट कसा करतो?"

दिगंबर पुढे आला आणि हातातली सुरळी त्यांच्यापुढे ठेवली. "गुरुजी, लेखकाचा शेवट हा. तो आम्ही काढून ठेवला होता. तुम्ही वाचलात तो या तीन बायकांचा."

गुरुजींनी एकदा त्याच्याकडे, एकदा आमच्याकडे पाहिलं. ओरडतील असं वाटलं. पण त्यांनी घाईघाईनं चष्मा चढवला आणि शंभरेक माणसांसमोर तिथेच ती पानं वाचायला घेतली. शेवटच्या पानावर त्यांनी बोट टेकवलं आणि मान वर केली. सहा वर्षांत गावानं पाहिला नव्हता असा तो चेहरा होता.

"सनईवाला!" ते म्हणाले. "त्रेचाळीस!"

टाळ्या पडल्या. त्या ओसरायच्या आत रंभाकाकूंचा आवाज आला. "सव्वीस."

गुरुजी चमकले. "काय सव्वीस?"

"मी सव्विसाव्या पानावर ओळखलं होतं."

"शक्य नाही! सव्विसाव्या पानावर नुसती जेवणाची पंगत आहे!"

"हो ना. आणि पहिल्या पंगतीत सनईवाला बसलाय, अळूवर ताव मारतोय." काकूंनी पदर खोचला. "गुरुजी, एवढी लग्नं जेवलात, पहिली पंगत चालू असताना सनईवाल्याला कधी पानावर बसलेला पाहिलात? पंगत उठेपर्यंत त्यानं वाजवायचं असतं. तो जेवायला बसला तिथेच मी म्हटलं, हा मेला सनईवाला नाहीच."

गुरुजींनी खिशातून पेन्सिल काढली, परत ठेवली. मग स्वतःची अध्यक्षांची खुर्ची उचलून बायकांच्या बाजूला नेली, काकूंच्या समोर मांडली आणि बसले.

"पुन्हा सांगा," ते म्हणाले. "सावकाश. पहिल्या पंगतीपासून."

सभेचं कामकाज त्यापुढे पाऊण तास बंद पडलं. इतिवृत्त लिहिण्याचं काम नव्या ग्रंथपालाकडे होतं. विलंबाच्या कारणापुढे मी लिहिलं, 'अध्यक्ष शिकत होते,' आणि खाली पूर्ण सही ठोकली.